माग थांबला की बाळ उठतं

“मॅडम, माग चालू असतो तवर बाळ झोपतं. लाईट गेली, माग थांबला, की दचकून उठतं आणि रडतं. असं का हुतं?”

नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा नुकताच सुरू झाला होता, आणि हा प्रश्न पहिल्या बाकावरून आला. विचारणारी मुलगी क्वचितच बोलत असे. तिच्या वेणीत कापसाचे बारीक तूस अडकलेले असायचे, गणवेशाला सुताच्या खळीचा आंबूस वास असायचा आणि मी शिकवत असताना तिचे डोळे माझ्या ओठांवरून हलत नसत. शिक्षकाला अशी नजर मोहात पाडते. ती एकाग्रता आहे असेच कुणालाही वाटले असते.

आमची शाळा मुलींची, मराठी माध्यमाची. भोवतालच्या गल्ल्यांमध्ये विणकरांची वस्ती आहे. तिथे घरात तेलुगू बोलतात, शाळेत मराठी, आणि कारखान्यात कोणतीच भाषा ऐकू येत नाही. कारखाना म्हणजे यंत्रमागांची खोली. पुष्कळ घरांमध्ये घर आणि कारखाना यांच्यात भिंत असतेच असे नाही. पुढे माग, मागे चूल, मध्ये झोपण्याची जागा. भवानी पेठेतून शाळेकडे येताना तो आवाज आधी पायांना लागतो आणि मग कानांना. डांबरात कुणीतरी खोलवर कांडत बसले आहे, असे वाटते. माझे माहेर वळसंगकडचे. तिथे शेतावर दुपारी इतकी शांतता असे की उन्हाने तडकणारी तुरीची शेंग ऐकू यायची. आईच्या कानडी वचनांच्या लयीत मी वाढले, कवितेत रमले आणि शिकले मात्र पदार्थविज्ञान. या शाळेत आले तेव्हा पहिले काही महिने मला रोज संध्याकाळी डोके जड वाटायचे. मुलींना विचारले तर त्या म्हणायच्या, “कसला आवाज, मॅडम?”

अलीकडच्या वर्षांत विज्ञान शिकवण्याची रीत बदलली आहे. प्रशिक्षणात आम्हाला सांगण्यात आले, की उत्तर सांगू नका. मुलांना प्रश्न विचारू द्या, अंदाज बांधू द्या, चाचणी त्यांनाच आखू द्या. पुरावा आला की त्यावर त्यांनी भांडावे, आणि पुरावा फिरला की मत फिरवावे. मला ती रीत मनापासून पटली होती. कवितेचा कच्चा खर्डाही असाच खोडत खोडत खरा होत जातो. म्हणून त्या दिवशी मी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. फळ्यावर तो प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला आणि वर्गाकडे वळले.

पहिला अंदाज वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलीने केला. तिचे वडील मागाच्या मोटारी दुरुस्त करतात, घरात दखनी बोलतात, आणि ती कोणत्याही भाषेत गप्प बसत नाही. ती म्हणाली, “आवाजाची सवय लागलीय बाळाला. चहावाल्याला चहाची लागते तशी.” वर्ग हसला. मागून दुसरी म्हणाली, “का बाळाला कमीच ऐकू येत असंल?” तेव्हा मात्र कुणी हसले नाही. त्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली अशाच बाळपणातून आलेल्या होत्या. हळूहळू प्रश्न बदलत गेला आणि त्याला धार आली: मागाच्या घरात वाढलेल्यांना इतरांपेक्षा कमी ऐकू येते का?

चाचणी मुलींनीच आखली. वर्ग रस्त्याच्या कडेला असल्यामुळे सभागृह निवडले. तिथे जुने लाकडी व्यासपीठ आहे. उपडे स्टीलचे ताट ठेवायचे आणि ठरलेल्या उंचीवरून त्यावर लोखंडी छर्रा सोडायचा. छर्रा बोलक्या मुलीने वडिलांच्या दुकानातून आणला. बेअरिंगमधला, वाटाण्याएवढा, तेलाने चकाकणारा. जिची परीक्षा, तिने पाठ करून उभे राहायचे आणि टण् असे ऐकू आले की हात वर करायचा. मधूनच छर्रा सोडल्याचे नुसते नाटक करायचे, म्हणजे अंदाजाने हात वर करणारी सापडेल. दर फेरीला एकेक पाऊल लांब जायचे. हे सगळे त्यांनी भांडून, एकमेकींच्या चुका काढून ठरवले. कारखान्यात लोक ओठांवर बोलतात, समोरची ओठ हलवून सांगू शकेल, ही शंका मागाच्या घरातल्या मुलींनीच काढली आणि तोंड भिंतीकडे करायचे ठरले. खिडक्या बंद, पंखा बंद. उकाड्याने आणि जुन्या लाकडाच्या वासाने सभागृह कोंदले होते.

पायांचा विचार कुणीच केला नाही. व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर सरस्वतीची तसबीर आहे आणि तिथे चपला काढूनच चढायचे, ही शाळा सुरू झाल्यापासूनची चाल. मुली पायरीपाशी चपलांची रांग लावून अनवाणी वर गेल्या. प्रयोगाच्या अटी मांडताना ही अट कुणाला दिसली नाही, कारण ती आम्हाला अट वाटतच नव्हती.

निकाल स्पष्ट दिसू लागले. मागाच्या घरातल्या मुलींचे हात लवकर खाली राहू लागले. काहींचे थोडे, काहींचे बरेच. मग पहिल्या बाकावरच्या मुलीची पाळी आली. छर्रा पडला की तिचा हात वर. नाटक केले की हात स्थिर. एकेक पाऊल मागे सरत छर्रा व्यासपीठाच्या पार टोकाला गेला आणि तरीही तिचा हात चुकला नाही. सबंध वर्गात तितक्या लांबून कुणालाच ऐकू आले नव्हते. बोलक्या मुलीने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, “हिला बाद करा मॅडम. हिचे कान मांजराचे हायत.”

टाळ्या पडल्या. ती मुलगी हसली नाही.

वर्गात परतल्यावर वादाला तोंड फुटले. बोलक्या मुलीचे म्हणणे असे, की हिच्या घरात माग आहे, ही झोपतेही मागाशेजारी, आणि हिचेच कान सर्वांत तीक्ष्ण. म्हणजे मागाचा काही दोष नाही, बाकीच्यांना सर्दी असेल. दुसऱ्या म्हणाल्या, की एकीवरून सगळ्यांचे ठरत नाही. पुरावा, अपवाद, शंका हे शब्द मुली पहिल्यांदाच आपले म्हणून वापरत होत्या, आणि ते ऐकताना मला आपल्या कामाचा आनंद होत होता. अखेरीस बोलक्या मुलीने खडू घेतला आणि फळ्यावर निष्कर्ष लिहायला घेतला: मागाच्या आवाजाने कानाला बाधा होते असे ठामपणे म्हणता येत नाही.

पहिल्या बाकावरची मुलगी इतका वेळ नुसती पाहत होती. वाक्य पूर्ण झाले तशी ती उठली.

“ते लिवू नकोस. खोटं हाय ते.”

बोलक्या मुलीचा खडू थांबला. “खोटं कसं? तूच तर हात वर केलास की.”

“मी कानानं ऐकलं न्हाय,” ती म्हणाली, आणि दाराकडे चालू लागली. वर्ग तिच्या मागून निघाला, आणि वर्गाच्या मागून मी.

सभागृहाच्या कोपऱ्यात सतरंज्यांची चळत असते. तिने वरची एक ओढली, घडीवर घडी घालून जाड केली, व्यासपीठावर आपल्या मघाच्या जागी ठेवली आणि त्यावर उभी राहिली. तोंड भिंतीकडे केले. “आता टाक,” ती म्हणाली.

छर्रा टोकावरून पडला. हात हलला नाही. बोलकी मुलगी एक पाऊल पुढे आली. पुन्हा पडला. पुन्हा पुढे. ताट लाकडावर सरकल्याची खरखर, मग टण्, मग छर्‍याचे घरंगळणे. कुणीतरी फुसकन हसले आणि लगेच गप्प झाले. पाऊल पाऊल करत ताट तिच्या टाचांमागे येऊन पोचले. त्या अंतरावरून आम्हा सगळ्यांना तो आवाज कानात टोचत होता. ती भिंतीकडे तोंड करून शांत उभी होती. उजव्या हाताची बोटे किंचित उघडी, ऐकू आले की लगेच उचलता यावीत अशी.

बोलक्या मुलीने छर्रा मुठीत धरला आणि पुढे टाकलाच नाही. चाचणी संपली आहे हे आम्हा सर्वांना कळले होते. फक्त तिला कळले नव्हते. ती वाट पाहत उभी राहिली. अखेर मी वर गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

नंतर पाण्याच्या टाकीपाशी तिने मला सगळे सांगितले. कारखान्यात माग सुरू असताना कोणता बिघडला ते कानाने कळत नाही, म्हणून वडिलांनी, तिच्या नायनांनी, तिला लहानपणीच शिकवले होते: मागाच्या चौकटीवर तळवा ठेवायचा, जमिनीवर अनवाणी उभे राहायचे. आडवे सूत नेणारा धोटा नीट जात असला की ठोका घोट्यापर्यंत येतो. अडखळत असला की गुडघ्यापर्यंत चढतो. लाकडी व्यासपीठावर छर्‍याचा ठोका तर फारच ठळक होता. सगळ्यांनाच असे ऐकू येते, असे तिला बरीच वर्षे वाटत होते. मग वर्गात मी फळ्याकडे वळले की माझा आवाज नाहीसा होतो आणि शेजारणी मात्र लिहीतच राहतात, हे तिच्या ध्यानात आले. घरात ती याविषयी कधी बोलली नव्हती. शाळेत तर नाहीच.

आज गप्प राहिली असती तर कुणालाही कळले नसते, असे मी तिला म्हटले. बोलताना तोंड तिच्यासमोर राहील याची काळजी मी आता घेत होते आणि ते तिच्या लक्षात आले होते.

“बाळाची झोळी मागाच्या वरच्या वाशाला हाय,” ती म्हणाली. बाळ म्हणजे तिची बहीण, उशिरा झालेली, अजून रांगतही नसलेली. “अम्मा म्हणती, आवाजानं तिला गाढ झोप लागती. मी नायनांना म्हटलं, झोळी हलवू या, तिचे कान जातील. ते म्हणले, तू पण तितंच झोपलीस की. तुझं काय वाकडं झालं?” नळ ठिबकत होता. तिला तो ऐकू येत नव्हता, याची मला एकदम जाणीव झाली. “काय वाकडं झालं ते मला त्यांना दाखवायचं हाय. तुमी त्यांना बोलवा. त्यांच्यापुढं परत करू.”

मी तिला विचारले, की हे कळल्यावर घरात तुझ्याबद्दल काय ठरेल याचा विचार केला आहेस का. तिने केला होता. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिने एवढेच म्हटले, की बाळ अजून लहान आहे, तिचे अजून वाचेल.

वडील आले ते वीज दुरुस्तीसाठी दिवसभर बंद होती त्या दिवशी. एरवी माग सोडून येणे त्यांना शक्य नव्हते. इस्त्रीचा शर्ट, भुवयांवर मात्र कापसाचे पांढरे तूस. त्यांनी पायरीशी चपला काढल्या, व्यासपीठाच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग वर चढले. मुख्याध्यापिका खुर्ची घेऊन बसल्या होत्या. वडिलांचा आवाज सभागृहात फार मोठा वाटत होता. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसांचा वाटतो तसा. ते रागावलेले नव्हते. पोरीने काही चांगले केले असेल, बक्षीस असेल, अशीच त्यांची समजूत असावी.

मुलगी आधी लाकडावर उभी राहिली. तिचा हात प्रत्येक ठोक्याला वर गेला आणि वडील कौतुकाने मान हलवत राहिले. मग तिने सतरंजी घातली. छर्रा पडला, पडत राहिला, जवळ येत राहिला. वडिलांनी बोलक्या मुलीच्या हातातून छर्रा घेतला आणि स्वतः टाकून पाहिला. मग लेकीच्या मागे उभे राहून टाळी वाजवली. मग तिला नावाने हाक मारली, कारखान्यातल्या आवाजात. ती वळली.

“ऐकती की,” ते माझ्याकडे पाहून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की पुढचे बोलणे मला जड गेले. मी सांगितले, की जाड आवाज तिला पोचतात, बारीक गेले आहेत. बांगडीचा, चिमणीचा, नळाचा. बोलण्यातले स, श, फ यांसारखे पातळ वर्णही तिच्यापर्यंत येत नाहीत. ओठ पाहून ती ती जागा भरून काढते. हे मागाच्या आवाजाने झाले असावे, खात्री सिव्हिल हॉस्पिटलात तपासून होईल, आणि बाळाचेही तसेच होऊ शकते.

वडिलांनी लेकीला बाजूला केले, स्वतः त्या सतरंजीवर उभे राहिले, भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाले, “टाका.”

बोलक्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तिने छर्रा सोडला. तो ताटावर पडला, उडाला, पुन्हा पडला आणि फळीच्या फटीत जाऊन थांबला.

थोड्या वेळाने वडिलांनी विचारले, “टाकला का?”

ते वळले आणि आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना उत्तर मिळाले. सतरंजीवरून उतरून त्यांनी तिची घडी नीट केली आणि चळतीवर ठेवून आले. “झोळी हलवतो,” ते म्हणाले. पुरावा त्यांनी मान्य केला होता, हातचे काही राखून न ठेवता. मग त्याच शांत, मोठ्या आवाजात त्यांनी त्याच पुराव्यावरून दुसरा निष्कर्ष काढला.

“मग ही हितं काय करती, मॅडम? तुमी शिकवता ते हिला ऐकूच येत न्हाय म्हणता.”

मी म्हणाले, की ती ओठ वाचते, तिला पुढे बसवू, मी तोंड फिरवणार नाही, कानाला लावायचे यंत्र मिळू शकते, परीक्षेत तिचे गुण चांगले आहेत. मुख्याध्यापिकांनीही त्यांना परोपरीने सांगितले. ते ऐकत होते, म्हणजे आमच्या ओठांकडे पाहत होते. यंत्राबद्दल ते म्हणाले, की वस्तीत एकाने लावले होते. त्यात मागही मोठा ऐकू येतो म्हणून काढून ठेवले. शाळेत रोज दुसऱ्याच्या वहीत बघून लिहायचे आणि पुढे कॉलेजात कुणी विचारायचे नाही, त्यापेक्षा पोरीने आताच हाताला काम लावून घेतलेले बरे. “कान गेला तर गेला,” ते म्हणाले. “हात हायत की. कारखान्यात कानाचं काय काम?”

त्यात टोमणा नव्हता. बापाने लेकीसाठी शोधलेली ती सोय होती, आणि म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हते.

मुलगी त्यांच्यासमोरच उभी होती. त्यांच्या ओठांवरून एकेक शब्द तिने वाचला. तिचे डोळे भरले, पण तिने ते खाली वळवले नाहीत, कारण मग पुढचे कळले नसते. ते बोलून संपल्यावर तिने एवढेच विचारले, “झोळी कदी हलवायची?”

त्यानंतर ती शाळेत आली नाही. मी घरी गेले. मुख्याध्यापिका गेल्या. आईने आम्हाला चहा दिला, आमचे सगळे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, की मोठ्या पोरीचे आता काय व्हायचे ते झाले. हजेरी घेताना मी तिचे नाव रोज घेत राहिले. बोलकी मुलगी प्रत्येक वेळी मान खाली घालायची. एक दिवस तिने मला थेट विचारले, की त्या मुलीने फळ्यावरचे वाक्य तसेच राहू दिले असते तर ती आज इथे असती ना. मी म्हणाले, असती. “मग आपण खरं कशाला शोधलं?” तिने विचारले. प्रशिक्षणात या प्रश्नाची तयारी करून घेतलेली नव्हती.

झोळी मात्र हलली नव्हती. हलवायला जागाच नव्हती. एका खोलीत माग, चूल आणि माणसे. वाशावरून काढून बांधायची तरी कुठे? ती बातमी बोलक्या मुलीने आणली आणि वर्गाला काम मिळाले. मागाचा आवाज बाळापर्यंत पोचू नये म्हणून आड पडदा कसा करावा, हा त्यांचा पुढचा प्रश्न झाला. खोक्यात मोबाईलचा गजर लावायचा, खोके वेगवेगळ्या वस्तूंनी मढवायचे आणि बाहेर किती ऐकू येते ते पाहायचे. थर्माकोल दिसायला भारी, पण निरुपयोगी ठरला. अंड्यांचे ट्रे थोडे बरे. टॉवेलच्या कारखान्यातून टाकून दिलेल्या कडा पोत्यांत ठासून भरल्या तेव्हा गजर एकदम दबला. मग मुलींच्या लक्षात आले, की खाली बोटभर फट राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते. त्यांनी शिवलेले उसवले, पुन्हा शिवले. सुया मोडल्या, बोटांना टोचल्या. वर्गात कित्येक दिवस कापसाचा आणि गोणपाटाचा कोंदट वास भरून राहिला. एकमेकींशी त्या एरवीपेक्षा कमी बोलत. बोलल्या तरी समोर तोंड करून.

त्यांचा पहिला पडदा बोलक्या मुलीने पहिल्या बाकावरच्या मुलीच्या घरी नेऊन दाखवला. त्यावर तिथून उत्तर आले. त्या मुलीने पडदा हाताने दाबून पाहिला, ठीक आहे म्हणाली, पण झोळी वाशाला राहिली तर उपयोग नाही, असेही म्हणाली. मागाचा ठोका वाशातून दोरीत आणि दोरीतून बाळाच्या अंगात उतरतो. तो पडद्याने अडत नाही. झोळी टांगायला जमिनीवर उभी राहणारी वेगळी घोडी करा, आणि घोडीच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घाला. वर्गात कुणालाही सुचले नव्हते ते तिला तिथे, मागाशेजारी, सुचले होते. मी ते फळ्यावर मांडले आणि खाली तिचे नाव लिहिले. तास संपल्यावरही कुणी फळा पुसला नाही.

पडदा आणि घोडी बसवून काही दिवस झाल्यावर मी बोलक्या मुलीबरोबर बाळाच्या घरी गेले. दारातूनच आवाज अंगावर आला. आत खोलीचे दोन भाग झाले होते. छतापासून जमिनीपर्यंत पोत्यांची जाड, ओबडधोबड भिंत उभी होती, जागोजाग वेगवेगळ्या हातांच्या टाक्यांनी शिवलेली. अलीकडे चूल, आई आणि टायरच्या तुकड्यांवर उभ्या घोडीला बांधलेली झोळी. पलीकडे माग. पलीकडे जायला कोपऱ्यात त्या पडद्याचा एक पदर उचलावा लागे. मी तो उचलला.

ती पलीकडे होती. कांड्या भरायचे यंत्र तिकडेच असते. धोट्यात बसवायच्या त्या कांड्यांवर सूत गुंडाळत ती अनवाणी उभी होती. वेणीतले तूस आता पांढरी टोपी घातल्यासारखे दाट झाले होते. मला पाहून तिने ओठ हलवले: या, मॅडम. आवाज न करता मीही ओठांनीच विचारले, कशी आहेस? तिने बरी म्हणून मान हलवली आणि लगेच विचारले: बाळाला पाहिलं?

तेवढ्यात लाईट गेली.

माग मंदावत मंदावत थांबले, आधी आमच्याकडचे, मग गल्लीतले, आणि सगळीकडे अशी शांतता पसरली की माझ्या कानांत नुसती शिट्टी वाजत राहिली. बोलकी मुलगी आणि मी झोळीपाशी गेलो, ती पडद्यापाशीच थांबली. पूर्वी याच क्षणी बाळ दचकून उठत असे. आई ओट्यावर हात टेकून उभी होती. झोळीत बाळाचा श्वास संथ चालू होता. ते उठले नाही.

बोलक्या मुलीने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली. आत तो छर्रा होता. तिने चुलीपाशी ताट उपडे घातले, झोळीपासून लांब गेली आणि छर्रा सोडला. टण्.

बाळाने डोळे उघडले आणि मान आवाजाच्या दिशेने वळवली.

मी वळून पाहिले. ती पदर धरून मागाकडच्या बाजूला उभी होती. तिने ठोका ऐकला नव्हता, आणि अंधुक उजेडात बाळाचे डोळेही तिला तिथून दिसत नसावेत. ती आमच्या तोंडांकडे पाहत होती. बोलकी मुलगी झोळीपाशी गेली. तिने बाळाचा उजवा हात मनगटापाशी धरला आणि वर केला.

तेव्हा ती हसली. मोठ्याने, स्वतःचा आवाज किती वाढला आहे याची कल्पना नसल्यासारखी. बाळ तिच्याकडे वळले.

ती पुढे येईल असे मला वाटले. मी मागे सरून जागाही केली. पण तिने पदर सोडला आणि पलीकडे गेली. फटीतून मला ती दिसत होती. थांबलेल्या मागाच्या चौकटीवर तिने तळवा ठेवला होता, वीज आली की लगेच कळावे म्हणून.